लेसर म्हणजे खोडरबर नव्हे

पौडच्या बाजारात वाटलेले एक रंगीत पत्रक दहावीतल्या एका मुलीच्या वहीत सापडले. पोटावरचे, मांडीवरचे ताणाचे वळ, म्हणजे स्ट्रेच मार्क्स, लेसर किरणांनी मुळापासून पुसले जातात, असा त्यात दावा. सोबत उपचाराआधीचे व नंतरचे छायाचित्र. पहिल्यात उजेड बाजूने पडलेला, दुसऱ्यात समोरून. उजेडाची दिशा बदलली की खाचेतली सावली जाते, हे आठवीच्या मुलालाही कळावे.

खरी चूक मात्र ‘पुसणे’ या शब्दात आहे. वळ हा डाग नव्हे. अंतस्त्वचेतील कोलॅजेन व इलॅस्टिनचे तंतू विस्कटतात, तुटतात आणि तेथे व्रण राहतो. लेसर काय करू शकेल, हे त्याची तरंगलांबी कोण शोषून घेते यावर ठरते. ५९५ नॅनोमीटरची किरणे रक्तातील हिमोग्लोबिन शोषते. म्हणून ताज्या वळांची लाली कमी होऊ शकते. जुन्या पांढऱ्या वळांत रक्तवाहिन्याच थोड्या. तेथे कार्बन डायऑक्साइड लेसर वापरतात. त्याची १०,६०० नॅनोमीटरची किरणे पाणी शोषते. त्वचेत अतिसूक्ष्म छिद्रे पडतात, मधला भाग शाबूत राहतो आणि जखम भरताना नवे कोलॅजेन तयार होते. म्हणजे ही हिशेबाने केलेली जखमच! अनेक बैठकांनंतर वळ फिके होतात, नाहीसे होत नाहीत.

(हा लेसर १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सी. कुमार पटेल यांनी बनवला. जन्म बारामतीचा, शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात. वर्गात जरूर सांगावे.)

पत्रकाने गाळले ते आपल्या त्वचेविषयी. सावळ्या त्वचेत मेलॅनिन अधिक असते, आणि भाजल्यावर ती बरेचदा काळे डाग धरते. वळ फिका करायला जावे आणि त्यावर काळसर ठिपके उमटावेत, असे होऊ शकते. या धोक्याबद्दल पत्रकात एक ओळही नाही.

मुलीने पत्रक का जपले, ते मी विचारले नाही. झपाट्याने उंची वाढताना पाठीवर, मांड्यांवर असे वळ मुलामुलींना येतात, तो आजार नव्हे आणि पुढे ते फिके पडतात, एवढे वर्गाला सांगितले. गोरेपणासाठी स्टेरॉइडयुक्त मलम महिनोन्‌महिने चोळल्यानेही वळ येतात, असे म्हणताच मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, ते ट्यूबवर कुठे लिहिलेलं असतं?” दुसऱ्या दिवशी मुलांनी घरच्या रिकाम्या ट्यूबा आणल्या. बीटामेथासोन, क्लोबेटासोल ही नावे फळ्यावर लिहून आम्ही तासभर बारीक अक्षरे वाचत बसलो.