बिवाकाठचं गरवणं

बिवा तलावाच्या दक्षिण भागात, ओत्सू शहराच्या बाजूला, उन्हाळ्यात पाणवनस्पतींचं रान माजतं. उघडी गरी टाकली की मासा राहतो बाजूला, नुसता पाला वर येतो. या रानातून बास मासा गरवणाऱ्या जपानी मंडळींचं कसब कन्साईतल्या आपल्या मराठी माणसांनी एकदा तरी जवळून पाहावं, म्हणून हा लेख.

बास मूळचा अमेरिकेचा. १९२५ साली तेत्सुमा आकाबोशी यांनी तो तिकडून आणून हाकोनेच्या आशी तलावात सोडला. गरवण्याची कलाही तिकडचीच. ओहायोतल्या निक क्रीम यांनी १९४९ मध्ये मऊ प्लास्टिकचं गांडूळ बनवलं आणि टेक्सासच्या लोकांनी ते गरीला लावण्याची नामी युक्ती काढली. आधी बंदुकीच्या गोळीसारखं टोकदार शिसं तंगुसात सुटं ओवायचं, मग गरी बांधायची. गरीचं टोक गांडुळाच्या डोक्यात जेमतेम अर्धा सेंटिमीटर घालून बाजूने काढायचं, गरी उलटी फिरवायची आणि टोक पुन्हा गांडुळाच्या अंगात लपवायचं. गांडूळ सरळ बसलं पाहिजे. जरा पीळ राहिला तर ते पाण्यात गरगरतं आणि तंगुसाला पीळ पडतो. नीट बसलं की पाल्यातून अलगद सरकतं. माशाने तोंडात धरलं की हिसका द्यायचा, टोक बाहेर येऊन रुततं. हा टेक्सास रिग.

जपानात पाणी थोडं आणि गरवणारे फार. रोज तीच आमिषं पाहून मासा सावध होतो. त्यामुळे इथल्या लोकांनी तंगूस बारीक केला, आमिष लहान केलं आणि हात हलका केला. नेको रिगमध्ये गांडुळाच्या डोक्यात खिळ्याएवढं वजन खुपसतात आणि गरी अंगाच्या मधोमध टोचतात. डोकं तळाला टेकतं, शेपूट वर डुलत राहते. माझ्या मते याहून देखणी मांडणी नाही. डाऊनशॉटमध्ये शिसं तंगुसाच्या टोकाला आणि गरी त्याच्या वर वीतभर, म्हणजे आमिष जागच्या जागी थरथरवता येतं. हीच मांडणी पुढे अमेरिकेत गेली आणि ड्रॉप शॉट या नावाने तिथल्या स्पर्धांत गाजली. परदेशी नुसती टिकलेली नाही, तर वाढून माहेरी परतलेली ही कला आहे.

मानाबू कुरिता यांनी २००९ मध्ये याच बिवात १०.१२ किलोचा बास पकडून अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या १९३२ मधल्या जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. तो मासा मात्र जिवंत ब्लूगिल माशाच्या आमिषाला लागला होता, हेही सांगायला हवं.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय या कलेचं कौतुक करणं मला पटत नाही. बास इथले देशी मासे खातो. फुनाझुशी ही आंबवलेली सुशी ज्याची करतात तो निगोरोबुना मासाही त्यातून सुटत नाही. म्हणून शिगा प्रांतात पकडलेला बास २००३ पासून पुन्हा पाण्यात सोडता येत नाही आणि २००५ च्या कायद्याने तो जिवंत नेण्यालाही बंदी आहे. पकडलेला बास टाकायला काठावर पेट्या ठेवल्या आहेत. हा नियम योग्यच आहे आणि आपणही तो मनापासून पाळावा. पेटीत टाकायचा नसेल तर मासा तिथेच मारून घरी न्यावा. वास कातड्यात असतो, ते पूर्ण सोलून काढावं. मग आगळ, हळद, मालवणी मसाला लावून रव्यात घोळवून तळावा. मांस पांढरं, घट्ट आणि चवीला उत्तम लागतं.