मकर आणि शार्क : कल्पित जलचराच्या शरीररचनेविषयी

व्यंगचित्रपटातील शार्कसदृश पात्र मुळातच कल्पित. मग त्याच्या शरीररचनेची चिकित्सा कशाला करावयाची, असा आक्षेप घेतला जाण्याचा संभव आहे. तो ग्राह्य धरता येत नाही. कल्पित जलचर विश्वसनीय कसा होतो, याचा पुरावा मराठवाड्याच्या पाषाणातच कोरलेला आहे. राष्ट्रकूट स्वतःस 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवीत. उदगीर ज्या जिल्ह्यात मोडते त्या लातूरशी या लट्टलूराची सांगड सामान्यतः घातली जाते. याच कुळातील पहिल्या कृष्णाच्या काळी, आठव्या शतकात, वेरूळचे कैलास लेणे आकारास आले. तेथील नदीदेवतांच्या मंदिरात गंगा मकरावर उभी आहे.

मकर म्हणजे सुसरीचा जबडा, सोंडेप्रमाणे वर वळलेला ओठ, आखूड पाय आणि बहुधा वेलबुट्टीत विरून जाणारी शेपटी. असा प्राणी सृष्टीत नाही. तरीही तो पाहताना डोळा अडखळत नाही. याचे कारण त्याला नेमून दिलेल्या कामात आहे. त्याला पोहावयाचे नसून देवतेचा भार वाहावयाचा आहे. म्हणून पाठ, खांदा व पाय यांचे सांधे खरे वाटले की पुरे. शेपटी केवळ अलंकार राहिली तरी चालते. या पर्णमय शेपटीस शिल्पकाराचे अज्ञान मानणे म्हणजे शिल्पाचे प्रयोजनच न ओळखणे होय.

व्यंगचित्रपटातील शार्कला ही सवलत नाही, कारण त्याला हलावयाचे असते. शार्कचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो; पाठीचा कणा शेपटीच्या वरच्या पाकळीत शिरतो; शेपटी उभी असून डावीउजवीकडे हलते. देवमाशाची शेपटी आडवी व तिची हालचाल वरखाली. या दोहोंची गल्लत झाली की दात कितीही काळजीपूर्वक रेखाटले तरी प्राणी खोटा पडतो. २००३ सालच्या 'फाइंडिंग नीमो' या चित्रपटासाठी मत्स्यांच्या हालचालीचे अभ्यासक ॲडम समर्स यांचे मार्गदर्शन घेण्यात आले होते. त्यातील ब्रूस हा शार्क बोलतो, हसतो, पश्चात्तापाच्या गोष्टी करतो. पण पोहताना तो मासाच राहतो. पुढच्याच वर्षीच्या 'शार्क टेल'मध्ये कल्ल्यांमागच्या परांना हातांची कामे दिली गेली. वास्तविक हे पर बरेच ताठ असून शरीर तोलण्याचे काम करतात. त्यांचे हातवारे झाले, की प्रेक्षकाला माशाचा वेष घेतलेला मनुष्य दिसतो. विनोदाला ते पोषक असेल. शरीराला मारक आहे.

मुखाविषयी मात्र दोन्ही चित्रपटांची कल्पकता तोकडी पडते. शार्कचे तोंड नाकाडाच्या खालच्या बाजूस असते आणि त्याचा वरचा जबडा कवटीला घट्ट जोडलेला नसतो. घास घेताना तो पुढे सरकतो. क्रोध, लोभ, ओशाळलेपण दाखविण्यास याहून समर्थ अवयव कोणता? परंतु चित्रकार माणसाच्या भुवया उसन्या घेतो. उदगीरच्या अभ्यासकाला छायाचित्रावरून हे कळणे कठीण आहे, कारण छायाचित्रातील जबडा बहुधा मिटलेला असतो वा पूर्ण वासलेला. त्यांमधील सरकणे तेथे नसते. कोकणच्या मासळीबाजारात मुशी या नावाने विकला जाणारा लहान शार्क हाती घेऊन, त्याचा जबडा बोटाने हळूच पुढे ओढून पाहिला, तर ते कळू शकेल.