उसाच्या फडात काय आहे?

विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ हा मराठी भयपट जुलै २०१७ मध्ये प्रदर्शित झाला. पुढे त्यावरून ‘छोरी’ हा हिंदी चित्रपटही त्यांनीच २०२१ मध्ये केला. या लेखात आम्ही चित्रपटाबद्दल नव्हे, तर त्याच्या दोन-तीन मिनिटांच्या ट्रेलरबद्दल लिहिणार आहोत. पाबळच्या शाळेत आम्ही दोघे शिक्षक, एक विज्ञानाचे आणि एक मराठीचे. पालकांना आधी सांगून आम्ही हा ट्रेलर नववीच्या मुलांना दाखवला. कारण सरळ होते. ध्वनीचा धडा संपला होता, आणि भीती हा विषय मुलांना कोणत्याही धड्यापेक्षा जवळचा असतो.

गोष्ट अशी की, शहरातून आलेली गरोदर नायिका (पूजा सावंत) उसाच्या मधोमध असलेल्या एकाकी घरात राहायला येते. तिची काळजी घ्यायला तुळसाबाई (उषा नाईक) आहेत. आणि सगळीकडे ऊस.

पहिल्यांदा आम्ही ट्रेलर आवाज बंद करून दाखवला. वर्ग हसला. धावणारी बाई, वटारलेले डोळे, हलणारा कॅमेरा, सगळे खोटे वाटले. मग पडद्यावर चादर टाकली आणि फक्त आवाज ऐकवला. आता हसणे थांबले, मागच्या बाकावरची मुले पुढे सरकली. हा प्रयोग कोणत्याही वर्गात होण्यासारखा आहे, त्याला खर्च नाही. तिसऱ्या वेळी चित्र आणि आवाज दोन्ही चालू ठेवून आम्ही मुलांना सांगितले, दृश्य बदलले की टाळी वाजवा. सुरुवातीला टाळ्या विरळ पडल्या. शेवटी शेवटी मुलांचे हातच पुरेनात.

या टाळ्यांमध्ये संकलकाचे गणित आहे. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी सरकतात. एखादा चेहरा ५ चौकटी दाखवला तर तो साधारण एकपंचमांश सेकंद पडद्यावर राहिला. पडद्याच्या कोपऱ्यात काही नवे दिसले तर नजर तिकडे वळू लागायलाच जवळपास तेवढा वेळ लागतो. म्हणजे डोळा तिथे पोचेपर्यंत चेहरा गेलेला असतो. ‘काहीतरी होते’ एवढेच हाती उरते. न पाहिलेल्याची भरपाई मग आपले मन करते, आणि सढळ हाताने करते.

कानाचे गणित वेगळे. मोठा आवाज झाला की कानातल्या रिकिबीच्या आकाराच्या हाडाला जोडलेला चिमुकला स्नायू आखडतो आणि आत जाणारा आवाज थोडा कमी करतो. पण आखडायला त्याला थोडा वेळ लागतो. शांततेत तो सैल असतो. म्हणून ट्रेलरवाले आधी सगळे आवाज काढून घेतात आणि मग एकदम दणका देतात. स्नायू सावरण्याआधी दणका आत पोचलेला असतो, पापणी मिटलेली असते, खांदे वर गेलेले असतात. हे दचकणे आहे, भीती नव्हे. फुगा फुटला तरी माणूस दचकतो. मात्र आधीच धास्तावलेला माणूस जास्त दचकतो, हे मानसशास्त्राच्या प्रयोगांतून दिसले आहे. त्यामुळे दणक्याच्या आधीची धास्ती कशाने तयार केली, हाच टीकेचा खरा प्रश्न.

‘लपाछपी’त ती ऊस तयार करतो, असे आमचे मत झाले. वाढलेला ऊस माणसाच्या दुप्पट उंच असतो. सऱ्यांमधून समोर चार पावलांपलीकडचे दिसत नाही. आवाज मात्र येतो. माणसाच्या बोलण्यातल्या खालच्या स्वरांची, समजा २०० हर्ट्झची, तरंगलांबी सुमारे १.७ मीटर असते. दोन-तीन सेंटिमीटर जाडीच्या कांड्याला वळसा घालून असा तरंग सहज पुढे जातो. उंच स्वर मात्र पानापानांवर आपटून विखुरतात, काही शोषले जातात. आवाज पुढून आला की मागून, हे ओळखायला कानाच्या पाळीला हेच उंच स्वर लागतात. शिवाय वाऱ्यावर पाने सळसळतात ती वेगळीच. म्हणून उसात हाक ऐकू येते, पण ती कुठून आली ते चटकन कळत नाही. लपाछपी खेळायला यासारखी जागा नाही. भयपटालाही नाही.

इथवर आमचे विवेचन आम्हालाच फार आवडले होते. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, “बाई, पण आवाज आला तर बरंच ना? बिबट्याचा आवाज येतच नाही.”

पाबळचा माळ तसा कोरडा. पण मुलांचे मामा, मावश्या घोड आणि भीमेच्या काठच्या गावांत राहतात. तिथे ऊस आहे आणि उसात बिबटे आहेत. तिथेच त्यांची पिल्ले जन्मतात. शिरूर तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलेही दगावली आहेत. हिच्या मामाची वस्ती फडाला लागून. पहिल्या वेळी, आवाज बंद असताना, वर्गात एकटी हीच हसली नव्हती. ते आमच्या लक्षात यायला हवे होते.

तिचे म्हणणे सिनेमाच्या इतिहासालाही धरून आहे. १९४२ च्या ‘कॅट पीपल’ या अमेरिकन चित्रपटात एक तरुणी रात्री रस्त्याने एकटी चालते. मागून दुसऱ्या बाईच्या टाचांचा आवाज येतो, आणि ही दुसरी बाई बिबट्या होऊ शकते अशी कथा आहे. मग मागची पावले ऐकू येईनाशी होतात. भीती तिथे सुरू होते. शेवटी फिस्कारत अंगावर येते ती साधी बस. जाक तूर्नर या दिग्दर्शकाने या प्रसंगात बिबट्या दाखवलाच नाही.

‘लपाछपी’च्या ट्रेलरला एवढा धीर नाही. पहिल्या भागात ऊस आणि एकटे घर यांवर त्याचा विश्वास आहे. उत्तरार्धात तो सुटतो. दणक्यावर दणका, चेहऱ्यावर चेहरा. तिसऱ्या दणक्यानंतर वर्ग सरावला होता. दुसरी तक्रार मराठीच्या शिक्षकांची. हा चित्रपट मुलगी नको म्हणून होणाऱ्या हत्यांबद्दल आहे. ट्रेलरने ते लपवावे हे ठीक, पण तेवढे लपवल्यावर शहरी प्रेक्षकाला भ्यायला उरते ते खेडे आणि तिथली नऊवारीतली बाई. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्येच केला, आणि ते निदान करणारी यंत्रे काही उसात उभी नव्हती.

शेवटी मुलांना सांगितले, हा ट्रेलर तुम्ही करा. बहुतेकांनी हाडळ घेतली, दोघांनी घुबड. मामाच्या वस्तीवरच्या मुलीने चारच ओळी लिहिल्या. संगीत नाही. वारा पडलेला आहे, सगळा फड स्थिर आहे. मधली एकच सरी हलते, हलणे हळूहळू बांधाकडे येते. मग तेही थांबते.

हे दृश्य मोबाइलवर घ्यायचे ठरले आहे. भर दुपारी, दहा-बारा जणांनी मिळून, आणि वनखाते सांगते तसे मोठ्याने गाणी लावून. आवाज नंतर काढून टाकता येतो.