सरासरीतला रायबोसोम

दिमित्री तेगुनोव, ज्युलिया महामिद व पॅट्रिक क्रॅमर यांच्या गटांनी २०२१ साली मायकोप्लाझ्मा न्यूमोनिए या जिवाणूच्या पेशीतला रायबोसोम ३.५ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाव्याने दाखवला. (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग, आकडा लहान, तितका बारकावा अधिक.) रायबोसोमला चिकटलेले क्लोरॅम्फेनिकॉल हे औषधही त्यात ओळखता येते. हे चित्र पाहून 'पेशीच्या आतला फोटो' असे म्हणण्याचा मोह होतो. काम उत्तमच आहे. आमचा आक्षेप आहे तो 'फोटो' या शब्दाला.

मुळात हाती काय येते ते पाहू. पेशी इतक्या झटकन गोठवतात, की पाण्याचे स्फटिक न होता काचेसारखा बर्फ बनतो. मग नमुना थोडाथोडा कलवत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने अनेक प्रतिमा घेतात व त्यांतून त्रिमिती रचना उभारतात. इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने रेणू मोडतात, म्हणून मारा बेताचा ठेवावा लागतो आणि प्रतिमा अंधुक, खरखरीत येतात. शिवाय ६० अंश कलवल्यावर इलेक्ट्रॉनांना दुप्पट जाडी ओलांडावी लागते. त्यापलीकडची माहिती सहसा मिळतच नाही.

यावर उपाय सरासरीचा. हजारो रायबोसोमांच्या प्रतिमा एकमेकींशी जुळवल्या की खरखर कमी होते. रायबोसोमांची तोंडे निरनिराळ्या दिशांना असल्याने एकाची उणीव दुसरा भरून काढतो. या गटाची खरी कमाई पुढची. माऱ्याखाली नमुना सरकतो, वाकतो. दृश्यातल्या रायबोसोमांनाच खुणेचे दगड मानून त्यांनी ही विकृती मोजली व दुरुस्त केली.

पण सरासरी फसवूही शकते. निव्वळ खरखरीच्या हजार प्रतिमा आइन्स्टाईनच्या चित्राशी जुळवून सरासरी काढली, तर आइन्स्टाईनच दिसू लागतो! रिचर्ड हेंडरसन यांनी २०१३ मध्ये हाच इशारा दिला होता. म्हणून सुरुवातीचा साचा मुद्दाम अस्पष्ट ठेवतात आणि प्रतिमांचे दोन गट करून रचना स्वतंत्रपणे काढतात. साच्यात नसलेला बारकावा दोन्हींत उमटला, तरच तो मानायचा.

वर्गाची सरासरी उंची अचूक काढली, म्हणून एखाद्या मुलीची उंची कळत नाही. ३.५ हा आकडाही तसाच, हजारोंचा मिळून आहे. पेशीत एकच प्रत असलेल्या रचनेला हा उपाय लागू पडत नाही. तेव्हा असे चित्र वर्गात दाखवताना विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारू द्यावेत: सरासरी कितींची? साचा कोणता? पडताळा स्वतंत्र होता का?