शरीराचं ऐकायला पगार लागतो

‘शरीराचं ऐका’ हा सध्याचा लाडका सल्ला. मनगटावरचं घड्याळ तासाभरानं उठायला सांगतं, मोबाईल पाणी प्यायची आठवण करतो. सल्ला चांगलाच आहे. पण शरीर हाक मारतं आणि आपण फक्त लक्ष द्यायचं, एवढं ते सोपं असतं का? अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा वाचल्यावर मला तसं वाटेनासं झालं.

कथेतला भीमा वारणाकाठचा. अंगानं दांडगा. मुंबईत येऊन दगडाच्या खाणीत कामाला लागतो, आणि एक दिवस खाण बंद पडते. काम थांबतं, भूक थांबत नाही. मग तो स्मशानातली राख चाळू लागतो, पुढं पुरलेली प्रेतंही उकरतो, सोन्याच्या कणासाठी.

रात्र, कोल्हे, प्रेतं यांमुळे ही भयकथा वाटू शकते. मी ती हिशोबाची कथा म्हणून वाचते. पोट रिकामं झालं की घ्रेलिन हे संप्रेरक मेंदूला निरोप देतं. यकृतातली साठवलेली साखर साधारण दिवसभरात संपत येते, मग शरीर चरबी आणि स्नायूंवर भागवतं. कष्टानं कमावलेले स्नायू तर बसल्या जागीही खायला मागतात. म्हणजे ज्या शरीरावर भीमाची मजुरी चालत होती, तेच आता त्याच्या अंगावर कर्ज होऊन बसलंय. त्याला भुकेची हाक नीट ऐकू येते. कमी पडतं ते तिला द्यायचं उत्तर, आणि ते शरीराबाहेर असतं.

शेवटी प्रेताच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात. दोन बोटं कापावी लागतात, आणि त्याच वेळी कळतं की खाण पुन्हा सुरू झालीय. इथं अण्णा भाऊ भाष्य करत बसत नाहीत. पहार धरणारा हातच भुकेनं खाल्ला, हे वाचणाऱ्याला आपोआप कळतं. कथेची ताकद मला या संयमात दिसते.

एक उणीवही जाणवते. भीमाची बायको घाबरते, त्याला अडवू पाहते, पण तिचं स्वतःचं शरीर काय सांगतंय ते कथेत ऐकू येत नाही.

मी कोरेगावात राहते. हंगामात इथल्या रस्त्यांवरून उसाच्या ट्रॉल्या जातात, तोडणीला मराठवाड्यातून जोडपी येतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. खाडा पडला की दंड. पाळीत कंबर दुखते तेव्हा शरीर विश्रांतीच मागत असतं, पण त्या विश्रांतीचे पैसे कापले जातात. २०१९ साली राज्य सरकारच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली, तेव्हा १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. भीमाची बोटं अपघातानं गेली. इथं मात्र हाक देणारा अवयवच काढून टाकला गेला.

पाणी भरपूर प्यावं, हे या बायकांना कुणी सांगायची गरज नाही. त्या मुद्दाम कमी पितात, कारण फडात आडोसा नसतो.