बुडालेल्या मजुरीचा रकाना

मी मराठी वाङ्मय शिकवतो. शासकीय योजनांच्या मार्गदर्शक पुस्तिकांना कोणी वाङ्मय म्हणत नाही, म्हणून आपले समीक्षक त्यांच्या वाटेला जात नाहीत. पण अशा पुस्तिकेतील एका परिच्छेदाचा आपल्या माणसांच्या जगण्यावर जेवढा परिणाम होतो, तेवढा आपल्या दहा कवितासंग्रहांचा होत नाही, हे कटू असले तरी मान्य केले पाहिजे. तेव्हा प्रौढांच्या व्यवसाय-प्रशिक्षणासाठी सरकार जे अनुदान देते, त्याच्या कागदांकडे साहित्यकृतीकडे पाहावे तसे पाहण्याचा हा प्रयत्न आहे. या संहितेत कोण बोलतो, कोणाविषयी बोलतो, आणि कोण तिच्यात मुळातच नाही?

आधी डोळखांबची हकीकत सांगतो. दिवाळी सरली की आमच्या भागातले पाडे ओस पडू लागतात. कातकरी, ठाकूर कुटुंबे आणि त्यांच्या मागोमाग आमच्या बौद्धवाडीतलीही काही घरे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. भट्टीवाल्याची उचल आधीच घेतलेली असते; ती फिटेपर्यंत माणूस स्वतःचा नसतो. जे गावात राहतात ते नाक्यावर उभे राहून बिगारी करतात. माझा थोरला भाऊ त्यांपैकी एक. आठवीत त्याची शाळा सुटली, माझी चालू राहिली. दोघांची सुरू ठेवणे घराला परवडणारे नव्हते.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेची गवंडीकामाची तुकडी आमच्याकडे निघायची होती. संस्थेचा माणूस माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, वाडीत तुमचा शब्द चालतो. तीस नावं पाहिजेत." मी मोठ्या उत्साहाने नावे गोळा केली. पहिले नाव भावाचे लिहिले. नऊ दिवस तो गेला, दहाव्या दिवशी पुन्हा नाक्यावर. मी चिडून विचारले तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "तुजा पगार एक तारखेला होतो. माजा रोज सांजच्याला होतो."

हजेरीपटावर मात्र तो शेवटपर्यंत हजर राहिला. पुढे त्याच्या नावाचे प्रमाणपत्रही आले. वहिनीने ते लग्नपत्रिकांच्या पिशवीत ठेवले आहे. यादी माझ्या हस्ताक्षरात होती, म्हणून ही टीका करताना मी स्वतःला बाजूला काढू शकत नाही.

आता संहितेकडे वळू. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना जुलै २०१५ मध्ये सुरू झाली. पहिल्या वर्षी तिची कल्पना बक्षिसाची होती: प्रमाणपत्र मिळवणाऱ्याला सरासरी ८,००० रुपये. २०१६ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात बक्षीस जाऊन अनुदान आले. चार वर्षांत एक कोटी माणसे आणि १२,००० कोटी रुपये असा तो संकल्प होता. पैसा प्रशिक्षण केंद्राला तीन हप्त्यांत मिळायचा: तुकडी सुरू होताच ३० टक्के, प्रमाणपत्र झाल्यावर ५० टक्के आणि नोकरी लागल्यावर २० टक्के. कथेत घटना कोणत्या क्रमाने येतात यावरून लेखकाला महत्त्वाचे काय वाटते ते कळते. इथे माणूस बाकावर बसला आणि त्याच्या हाती कागद पडला, एवढ्यातच ऐंशी टक्के गोष्ट संपते. त्याचे पुढे काय झाले, हा उरलेल्या वीस टक्क्यांचा उपसंहार. मग केंद्रचालक कोणता भाग मनापासून लिहील, हे सांगायला ज्योतिषी नको. सरकारनेच नेमलेल्या शारदा प्रसाद समितीनेही नेमके या आकड्यांमागे धावण्यावर बोट ठेवले होते.

या पुस्तिकांत 'उमेदवार' आहे, 'लाभार्थी' आहे, 'तुकडी' आहे. वर्गखोलीचे क्षेत्रफळ आहे, यंत्रांची यादी आहे. शिकायला बसलेल्या माणसाच्या बुडालेल्या मजुरीचा रकाना मात्र नाही. निवासी योजनांत राहण्या-जेवण्याची सोय होते, हे खरे. पण घरी राहिलेल्या चुलीचे काय?

कोणी म्हणेल, हा विचार नवा आहे, सरकारला सुचायला वेळ लागेल. तो नवा नाही. १९ ऑक्टोबर २०२३ रोजी महाराष्ट्रात ५११ ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचे उद्घाटन झाले. त्याच्या बरोबर १४१ वर्षे आधी, १९ ऑक्टोबर १८८२ ही तारीख घालून जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे आपले निवेदन ठेवले होते. तारखांचा हा योगायोग उद्घाटकांना ठाऊक असेल असे वाटत नाही. जोतीरावांनी लोकल फंडाचा अर्धा वाटा प्राथमिक शिक्षणाला मागितला, अभ्यासक्रमात शेतीचे ज्ञान मागितले, आणि प्रसंगी नांगराचे रुमणे किंवा सुताराचा वाकस हातात धरायला लाजणार नाही असा शिक्षक मागितला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, गरीब शेतकऱ्याला मूल गुरांमागे आणि शेतात लागते म्हणून तो ते शाळेत पाठवत नाही, हे त्यांनी सांगितले आणि त्यावर भरघोस शिष्यवृत्त्यांचा उपाय सुचवला. म्हणजे बुडणाऱ्या श्रमाचा हिशेब १८८२ मध्येच मांडलेला आहे.

बाबासाहेबांनी ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात तोच धागा आहे. अलिगढ आणि बनारस विद्यापीठांना प्रत्येकी तीन लाख मिळतात, मग अस्पृश्यांच्या शिक्षणाला का नाही, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शिष्यवृत्त्यांबरोबरच सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आमची मुले शिकाऊ म्हणून घ्या, अशीही मागणी त्यात होती. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. तिच्यात निर्वाहभत्ता होता. मी त्याच भत्त्यावर पदवीधर झालो. शिकणाऱ्याला पोट असते हे त्या योजनेने ओळखले होते. मी अठरा वर्षांचा असताना मला जे मिळाले ते माझ्या भावाला पस्तिसाव्या वर्षी का मिळू नये?

मधल्या काळात प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १९६७ साली मुंबईत वरळीला देशातले पहिले श्रमिक विद्यापीठ निघाले. कामगाराचा धंदा, त्याची वेळ, त्याचे घर पाहून अभ्यासक्रम बेतायचा, ही त्यामागची कल्पना. २००० मध्ये या संस्थांचे 'जन शिक्षण संस्थान' झाले आणि २०१८ मध्ये त्या शिक्षणाच्या मंत्रालयाकडून कौशल्याच्या मंत्रालयाकडे गेल्या. नावातून आधी श्रमिक गेला, मग खात्यातून शिक्षण गेले. १९७९ च्या 'ट्रायसेम' योजनेत ग्रामीण तरुणांना प्रशिक्षणकाळात विद्यावेतन होते, अवजारेही मिळत. पैशासाठीच लोक येतात, अशी टीका तिच्यावर झाली. आम्ही प्राध्यापक उद्बोधन वर्गाला जातो तेव्हा आमचा पगार चालू असतो, वर प्रवासभत्ता मिळतो. आम्ही पैशासाठी जातो असे कोणी छापलेले मी वाचले नाही.

राज्य शासनाच्या २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत विद्यावेतन आले, ही चांगली गोष्ट. पण दर पाहा: बारावीला ६,०००, आयटीआय किंवा पदविकेला ८,०००, पदवीला १०,०००. बारावीच्या खाली शिडीला पायरीच नाही. जो जास्त शिकला त्याला शिकताना जास्त पैसे, आणि जो शिकलाच नाही त्याला फुकट बसवायचे! मनुस्मृती जाळून आपण शंभरीकडे आलो. उतरंड रचण्याची सवय मात्र कागदांतून जात नाही. केंद्राच्या २०१९-२० च्या 'उन्नती' प्रकल्पाने रोजगार हमीवरच्या मजुराला प्रशिक्षणाच्या दिवसांची मजुरीइतकी रक्कम देऊ केली होती. म्हणजे हे करता येते. पण तिथेही अट घातली: त्या कुटुंबाने शंभर दिवस काम पूर्ण केलेले असले पाहिजे. भट्टीवर स्थलांतर करणारे कुटुंब हे शंभर दिवस कुठून आणणार?

दोष एकट्या सरकारचा नाही. वसतिगृहे आणि शिष्यवृत्त्या यांसाठी आपल्या चळवळीने मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, आणि ते योग्यच होते. पण शाळेतून गळालेल्या, मिशा पांढऱ्या होत चाललेल्या आपल्याच भावाच्या विद्यावेतनासाठी आपण एकही मोर्चा काढल्याचे मला आठवत नाही. शिकलेल्यांची चळवळ शिकणाऱ्यांपुरती राहिली. माझ्यासारख्यांनी तर तिला याद्या पुरवल्या.

यंदा पुन्हा एक संस्था वाडीत आली आहे. या वेळी विजेच्या कामाची तुकडी आहे. मी यादी लिहून दिलेली नाही. त्यांच्या छापील अर्जावर 'वार्षिक उत्पन्न' आहे, 'जात' आहे, 'मोबाइल क्रमांक' आहे. त्याखाली मी पेनाने एक रकाना आखला, 'रोजची मजुरी', आणि भावाला विचारून आकडा भरला. तो कोरा सोडला असता तर अर्ज लगेच घेतला असता, असे त्यांच्या माणसाचे म्हणणे पडले. अर्ज अजून माझ्याकडेच आहे.