दप्तर : वजन किती, आणि कुठे?

महाराष्ट्र शासनाने २०१५ साली दप्तराला मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांची मर्यादा घातली. नियम स्वागतार्ह आहे, पण अपुरा. सांगवीत शाळा सुटताना कमरेखाली लोंबणारी दप्तरे आम्ही नेहमी पाहतो. ३० किलोच्या मुलाला ३ किलोचे दप्तर नियमात बसते. मात्र तेच वजन पाठीपासून १० ऐवजी २० सेंटिमीटर दूर गेले, की तरफेच्या नियमाने मागची ओढ दुप्पट होते. तोल सावरायला मूल पुढे वाकते. म्हणून जड पुस्तके पाठीलगत ठेवावीत. पट्टे रुंद आणि आवळलेले असावेत. लिटरभर पाणी म्हणजे १ किलो, मर्यादेचा तिसरा हिस्सा! शाळेच्या नळाला पिण्याजोगे पाणी असेल, तर तो वाचेल. शिक्षकांनी वर्गात वजनकाट्याबरोबर मोजपट्टीही आणावी, असे आम्हाला वाटते.